एका बिट-स्पिनलॉकपायी गेलेले दहा महिने

तीन पॅच (कोडमधले बदल), सगळे मिळून दीडशेच्या आत ओळी, आणि लागले दहा महिने. वाचून हसू आलं तर येऊ दे, मलाही येतं. पण जून २०२४ मध्ये लीडने हे काम माझ्या गळ्यात घातलं तेव्हा कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या लॉकला (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाला) हात लावायचा तर सुरुवात कुठून करायची, हे धड सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. जो तो एकतर थेट सीपीयूच्या मेमरी मॉडेलमध्ये शिरतो नाहीतर "सोप्पंय, लॉक छोटा कर" म्हणून मोकळा होतो. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय. कंपनीचं आणि ड्रायव्हरचं नाव लिहिणार नाही. पुण्यात स्टोरेजवाल्या कंपन्या ढिगाने आहेत, त्यातलीच एक समजा, आणि ड्रायव्हर मेनलाइन, म्हणजे सगळ्यांसाठीच्या मूळ लिनक्समध्ये आहे एवढं पुरे.

तक्रार अशी होती. ग्राहकाकडे दोन सॉकेटचं, म्हणजे दोन प्रोसेसर चिपांचं मोठं मशीन, त्यावर बत्तीस जॉब एकदम सोडायचे, सगळ्यांना अगदी सारखं काम. तर त्यातले काही जॉब चहाच्या आधी संपायचे आणि काही जेवून आलं तरी चालूच. एकूण आकडा चांगला दिसत असल्यामुळे आमचा डॅशबोर्ड सगळा हिरवागार, त्यामुळे पहिले दोन आठवडे "तुमच्याकडेच काहीतरी असेल" असं उत्तर आमच्याकडून जात राहिलं, आता ते आठवलं की लाज वाटते. लीड म्हणाली, "बघ गं जरा, दोन दिवसांचं काम असेल."

एफआयओ (स्टोरेजचा वेग मोजायचं साधन) लावून प्रत्येक जॉबचा आकडा वेगळा काढला (सरासरी बघू नका, सरासरीत हा रोग दिसतच नाही, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त कोण ते बघा) तेव्हा दिसलं की सगळ्यात पुढचा जॉब सगळ्यात मागच्याच्या जवळजवळ चौपट काम करतोय, आणि मागे पडणारे सगळे एकाच सॉकेटवरचे. म्हणजे लॉकचीच भानगड. मग लॉक बघायची सगळी हत्यारं काढली, लॉक-स्टॅट चालू करून बघितलं, पर्फ लॉक कंटेन्शन चालवलं, सगळीकडे पाटी कोरी. आमच्या ड्रायव्हरचा एकही लॉक त्या यादीत नाही. तीन दिवस मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय.

शेवटी साधं पर्फ रेकॉर्ड (सीपीयूचा वेळ कुठे जातो ते टिपणारं) लावून फंक्शन उघडून बघितलं तर निम्म्याहून जास्त वेळ एका पॉज सूचनेवर (सीपीयूला "जरा थांब" सांगणारी) चाललेला. तिथे होता बिट-स्पिनलॉक. स्पिनलॉक म्हणजे मोकळा होईपर्यंत सीपीयू ज्याच्यापाशी नुसता घिरट्या घालत थांबतो तो लॉक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा म्हणजे स्वतंत्र लॉक नसतोच, एखाद्या पॉइंटरचा (मेमरीतल्या पत्त्याचा) वापरात नसलेला शेवटचा बिट घ्यायचा आणि तो १ असेल तर कुलूप लागलंय असं समजायचं. मेमरी वाचते. पण त्याच्यावर लॉकडेपची (लॉक चुकीचा घेतला तर ओरडणाऱ्या कर्नलच्या तपासनिसाची) नजर नाही, लॉक-स्टॅटची नाही, कंटेन्शनचे, म्हणजे लॉकसाठीच्या भांडणाची नोंद करणारे ट्रेसपॉइंट पण त्याला नाहीत, म्हणून माझी सगळी हत्यारं आंधळी झाली होती. आणि मुख्य म्हणजे त्याला रांग नाही.

रांग नाही म्हणजे काय, तर ऐन दिवाळीतला एसटी स्टँड आठवा. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, ज्याचा रुमाल आधी पडला त्याची सीट, तुम्ही सकाळपासून उभे असा नाहीतर आत्ता रिक्षातून उतरलेले असा. बिट-स्पिनलॉक सुटला की सगळे सीपीयू एकदम झेप घेतात. आणि ज्याने आत्ताच सोडला त्याच्याकडे ती कॅशलाइन (सीपीयू एका वेळी जवळ ओढून घेतो तो मेमरीचा तुकडा) अजून गरम असते, म्हणजे तो खिडकीलाच चिकटून उभा आहे, त्याच्या सॉकेटवरचे शेजारी पण जवळच. दुसऱ्या सॉकेटवरच्याला ती लाइन लांबून मागवावी लागते, ती येईपर्यंत इकडे पुन्हा कुणीतरी रुमाल टाकलेला असतो.

जुलैभर वाचत बसले. हे काही नवं दुखणं नाही हे कळल्यावर जरा बरं वाटलं. लिनक्सचा साधा स्पिनलॉक पण २००८ पर्यंत असाच होता. २.६.२५ मध्ये निक पिगिन यांनी त्याच्या जागी तिकीट-लॉक आणला, बँकेत टोकन घेतो तसा, आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं. त्यांच्या त्या पॅचच्या टिपणात आठ कोअरच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरवर काही थ्रेड दहा लाख वेळांपर्यंत डावलले जायचे असं लिहिलंय, ते वाचून माझं चौपट म्हणजे काहीच नाही असं वाटलं. पण टोकनची पण एक गोची असते, सगळ्यांचे डोळे एकाच बोर्डावर. नंबर बदलला की प्रत्येक सीपीयूला ती एकच कॅशलाइन नव्याने ओढावी लागते. त्यावरचा उपाय मेलर-क्रमी आणि स्कॉट यांनी १९९१ मध्येच लिहून ठेवला होता, त्यांच्या आद्याक्षरांवरून एमसीएस म्हणतात. डॉक्टरांच्या दवाखान्यात आपण बोर्डाकडे बघतच नाही, "तुमच्या आधी कोण? बरं, त्या निळ्या शर्टवाल्यांच्या मागे मी" एवढंच लक्षात ठेवतो, आणि ते बाहेर येताना खूण करतात. तसं. प्रत्येकजण स्वतःच्याच जागेवर डोळा लावून बसतो. हीच युक्ती चार बाइटांत कोंबून केलेला क्यू-स्पिनलॉक ४.२ मध्ये, म्हणजे २०१५ ला कर्नलमध्ये आला आणि आज एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) साधा स्पिनलॉक म्हणजे तोच.

म्हणजे मला काही नवा लॉक शोधायचा नव्हता, आमच्या ड्रायव्हरातला रुमाल काढून तिथे तयार रांग बसवायची होती. एका दुपारचं काम, असं मी म्हटलं. (हे वाक्य मी त्या वर्षात बऱ्याचदा म्हटलं.)

ऑफिसच्या लॅबमध्ये दोन सॉकेटचं मशीन एकच, त्याची एक शीट असते, आणि मला मिळाले मंगळवार आणि शुक्रवार, रात्री आठ ते सकाळी सात. आठवड्यात दोन रात्री. मला काही धीर धरवेना, म्हणून स्वतःच्या खिशातून क्लाउडवर एक मोठं व्हर्च्युअल मशीन भाड्याने घेतलं, नऊ दिवसांचे साधारण चौतीसशे रुपये गेले. त्यावर बिट-स्पिनलॉक काढून साधा स्पिनलॉक घातला, चालवलं, आणि फरक शून्य. तसाच पक्षपात. कोड दहा वेळा तपासला, कर्नल नक्की नवाच बूट होतोय ना ते बघितलं, एका रात्री तर मशीन बदलून घेतलं.

कारण नंतर कळलं. व्हर्च्युअल मशीनमध्ये रांगेत पुढे उभा असलेला सीपीयूच हायपरव्हायझरने (एका खऱ्या मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामने) झोपवून ठेवला तर मागची सगळी रांग खोळंबते, म्हणून तिथे कर्नल मुद्दाम वेगळं वागतो. हायपरव्हायझरकडून पॅराव्हर्च्युअल, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठी खास बेतलेल्या लॉकची सोय मिळत नसेल तर एक्स८६ वरचा स्पिनलॉक गुपचूप पुन्हा रुमालवाला होतो. सोय असली तरी थोडीफार घुसखोरी चालतेच. म्हणजे मी रुमाल काढून त्या जागी दुसरा रुमाल ठेवला होता आणि फरक का दिसत नाही म्हणून डोकं धरून बसले होते. तर लॉकची फेअरनेस, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी मिळते का ते मोजायचं असेल तर खरं लोखंडी मशीनच पाहिजे, आणि त्यावरही टर्बो बंद करा, गव्हर्नर परफॉर्मन्सला लावा (म्हणजे सीपीयूचा वेग मध्येच बदलत नाही), प्रत्येक जॉब ठरावीक कोअरला बांधा, आणि एकदा चालवून आकडा लिहू नका, मी पाच वेळा चालवायचे आणि तरी कधीकधी एखादा आकडा भलतीकडेच जायचा.

ऑगस्टच्या एका शुक्रवारी रात्री खऱ्या मशीनवर पहिल्यांदा बत्तीसच्या बत्तीस जॉब जवळजवळ एकत्र संपले. मी तिथे एकटीच, टाळी कुणाला देणार. आणि मग खाली एकूण आकडा बघितला. आधीपेक्षा कमी. थोडाथोडका नाही, साधारण आठवा हिस्सा गेला होता.

हे का होतं ते कागदावर चित्र काढल्यावर कळलं. दोन मजल्यांचं ऑफिस आहे आणि हजेरीचं रजिस्टर एकच. आधी काय चाललं होतं, तर रजिस्टर वरच्या मजल्यावर गेलं की वरचे लोक आपापसातच दहा-बारा सह्या उरकून घ्यायचे, खालचे बसायचे ताटकळत. अन्याय खरा, पण शिपायाच्या फेऱ्या वाचायच्या. आता आले त्या क्रमाने सही म्हटल्यावर एक वरचा, एक खालचा, शिपाई दिवसभर जिन्यावरच. दोन सॉकेटमधली ती कॅशलाइन म्हणजे ते रजिस्टर. यावर मधला मार्ग काढायचे प्रयत्न झालेत, रांग ठेवायची पण एका सॉकेटवरच्यांना थोडा वेळ सलग द्यायचं असा एक प्रस्ताव लिनक्ससाठी २०१९ पासून पुढे आला होता, तो मेनलाइनमध्ये गेला नाही. म्हणजे तयार काही मिळणार नाही. लीडला सांगितलं तर ती म्हणाली, "मग ग्राहकाला सांगायचं काय, न्याय मिळाला पण पगार कमी झाला?"

पुढचे तीन आठवडे मी लॉकला हातच लावला नाही, लॉकच्या आत काय चाललंय ते बघत बसले. आधी ते करायला हवं होतं.

पर्फ सी-टू-सी लावलं, ते कुठली कॅशलाइन दोन सीपीयूंमध्ये सारखी इकडून तिकडे जातेय ते दाखवतं. आमच्या ड्रायव्हरमध्ये २५६ बकेटचं (खणांचं) हॅश टेबल, प्रत्येक बकेट म्हणजे आठ बाइटांचा एक पॉइंटर, आणि त्याच पॉइंटरचा शेवटचा बिट हा लॉक. कॅशलाइन ६४ बाइटांची. आठ आठे चौसष्ट, म्हणजे एका लाइनीत आठ लॉक! तुम्हाला पाच नंबरचं कुलूप उघडायचंय आणि मला सहा नंबरचं, आपला एकमेकांशी संबंध नाही, तरी दोघे एकाच दारात ढकलाढकली करतोय. भर म्हणजे लॉक हातात असतानाच कोड चार काउंटर वाढवत होता, आकडेवारी, जी दिवसातून एकदा कुणीतरी बघणार. ते काउंटर सगळ्या बकेटना सामाईक. म्हणजे रजिस्टर हातात धरून माणूस खिडकीबाहेरच्या गाड्या मोजतोय.

काउंटर लॉकबाहेर काढून प्रत्येक सीपीयूचे वेगळे केले, बेरीज फक्त कुणी वाचायला मागेल तेव्हा. प्रत्येक बकेटला स्वतःची कॅशलाइन दिली. तेवढ्यावर एकूण आकडा जुन्या आकड्याच्या वर गेला आणि जॉब एकत्रच संपत राहिले. लॉक तोच, क्यू-स्पिनलॉक, त्याला काही केलं नाही.

मग आली हरतालिका, ६ सप्टेंबर, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी गणपती, त्यामुळे लॅबची रात्र सोडून दिली आणि घरीच लॅपटॉपवर क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनमध्ये लॉकडेप चालू करून कर्नल लावला, म्हटलं हे शेवटचं एकदा बघू आणि झोपू, पोटात उपासामुळे काही नाही. लॉकडेपला मोठं मशीन लागत नाही, तो कोडचा रस्ता एकदा चालून गेला की पुरतं, हे लक्षात ठेवा. चाळीस सेकंदांत स्क्रीनभर लाल. "इनकन्सिस्टंट" म्हणून सुरुवात, पुढे सॉफ्टआयआरक्यू-ऑन आणि इन-सॉफ्टआयआरक्यू. सॉफ्टआयआरक्यू म्हणजे चालू काम मध्येच थांबवून कर्नल उरकून घेतो ती कामं. अर्थ असा की हा लॉक साध्या प्रोसेसमध्ये सॉफ्टआयआरक्यू बंद न करता घेतला जातोय, आणि तोच लॉक आयओ पूर्ण झाल्यावर सॉफ्टआयआरक्यूमध्ये पण घेतला जातोय. मी लॉक धरून बसलेय, त्याच सीपीयूवर मध्येच सॉफ्टआयआरक्यू येतं आणि मी लॉक सोडायची वाट बघतं, ते संपेपर्यंत मला सोडता येत नाही. मशीन खलास.

आधी वाटलं मीच नवीन काहीतरी मोडलं. मग जुना कोड बघितला तर तिथे पण तेच, वर्षानुवर्षं. बिट-स्पिनलॉकवर लॉकडेपची नजर नसल्यामुळे कुणाला कळलंच नव्हतं. आमच्या तिकीट सिस्टीममध्ये "मशीन हँग, पुन्हा घडवता आलं नाही" म्हणून बंद केलेली तिकिटं होती, त्यातल्या दोनांचे स्टॅक (मशीन अडकलं तेव्हा कुठली फंक्शन चालू होती त्याची यादी) उघडून बघितले आणि तेच फंक्शन. रात्री साडेबाराला आईचा सांगलीहून फोन, "झालं का गं तुझं ते कुलूप? काहीतरी फळ तरी खा." म्हटलं, आई, कुलूप झालं पण घरात चोर आधीपासूनच होता.

आता कागदपत्रं. ड्रायव्हर मेनलाइनमध्ये असल्यामुळे पॅच बाहेर पाठवायचा तर कंपनीच्या ओपन सोर्स कमिटीची परवानगी. फॉर्म भरला १८ सप्टेंबरला. यात कुणाचं पेटंट आहे का, ग्राहकाची माहिती आहे का, कोड तुम्हीच लिहिला का, ठीक आहे. मग दोन आठवड्यांनी एक प्रश्न आला की "लॉक" म्हणजे यात एन्क्रिप्शन आहे का, असेल तर एक्सपोर्टचा वेगळा फॉर्म. नाही हो. ते समजावायला एक मीटिंग. परवानगी आली २५ ऑक्टोबरला. हा फॉर्म काम संपायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात भरून टाका, माझा सव्वा महिना फुकट गेला.

पहिली आवृत्ती ५ नोव्हेंबरला पाठवली, दिवाळी संपल्या संपल्या. चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवला, कुणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्टने काढलं, खाली साइन्ड-ऑफ-बाय आपल्या नावाने, ती नुसती सही नाही, हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं लिहून देणं आहे. आधी सगळं स्वतःलाच पाठवून बघा. आमच्या ऑफिसचा मेल सर्व्हर खाली गोपनीयतेचं शेपूट चिकटवतो हे मला तसंच कळलं, मग कंपनीकडून दुसरा मेल पत्ता मागून घेतला. पाठव बटण दाबल्यावर दोन तास पोटात गोळा.

नऊ दिवस काहीच नाही. एक आठवडा तरी थांबल्याशिवाय आठवण करायची नाही असं कर्नलच्याच कागदपत्रांत आहे, आणि मी ते रोज पुन्हा वाचत होते. १४ तारखेला मेंटेनरचं, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं, चार ओळी, शिव्या वगैरे काही नाहीत. एक, हँगची दुरुस्ती वेगळी काढून सगळ्यात आधी ठेव, म्हणजे ती जुन्या स्टेबल कर्नलमध्येही (ज्या आवृत्त्यांत फक्त दुरुस्त्या घेतात) जाईल, आणि ज्या कमिटमध्ये (कोडच्या नोंदलेल्या बदलात) चूक आली तिचा बारा अक्षरी नंबर फिक्सेस म्हणून लिही. दोन, हॅश टेबल २ केबीचं १६ केबी झालंय, प्रत्येक डिव्हाइसमागे, ते का परवडतं ते लिही. तीन, ज्यांच्याकडे एकच सॉकेट आणि भांडण नाही त्यांचं काय, आकडे दाखव. आणि चार, आता मर्ज विंडो (मेनलाइनमध्ये नवे बदल घ्यायचे दोन आठवडे) जवळ आलीय, नंतर ये.

हे चारही मुद्दे बरोबर होते, ते जास्त लागलं.

६.१२ कर्नल १७ नोव्हेंबरला आला आणि पुढचे दोन आठवडे मर्ज विंडो, तेव्हा नवीन काही पाठवून लोकांना पिडायचं नाही. त्या काळात पॅचचे तीन तुकडे केले. पहिल्यात जुना बिट-स्पिनलॉकच ठेवून फक्त सॉफ्टआयआरक्यू बंद केलं, दुसऱ्यात स्पिनलॉक, तिसऱ्यात काउंटर. मेमरीसाठी असं केलं की कॅशलाइनची जागा फक्त बहु-सीपीयू बिल्डमध्येच घेतली जाईल. दुसरी आवृत्ती ३ डिसेंबरला. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नल टेस्ट रोबोटची मेल, बिल्ड मोडलं. मी शहाणपणाने बकेट बरोबर ६४ बाइटांचीच असली पाहिजे अशी कंपाइलच्या वेळची अट घातली होती, आणि डीबग चालू केला की स्पिनलॉक फुगतो, ६४ मध्ये मावत नाही. लॉकडेपमध्ये रात्र काढलेल्या बाईने अट घातल्यावर डीबग बिल्डच करून बघितलं नव्हतं. अट काढली, तिसरी आवृत्ती ९ तारखेला.

तिसऱ्यावर एका अनोळखी रिव्ह्यूअरने लिहिलं की बिट-स्पिनलॉक जातोय हे रिअल-टाइमवाल्यांसाठी (ज्यांना ठरल्या वेळेतच काम व्हायला लागतं) पण चांगलं, तो धरला की प्रीएम्प्शन, म्हणजे चालू काम थांबवून दुसरं घेणं बंद होतं आणि त्यांच्याकडे साधा स्पिनलॉक झोपू शकतो, त्यामुळे बिट-स्पिनलॉकच्या आत तो घेताच येत नाही. ६.१२ मध्ये प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे कर्नलचा रिअल-टाइम प्रकार मेनलाइनमध्ये चालू करता यायला लागलंच होतं. मला हे सुचलंही नव्हतं, कमिट मेसेजमध्ये एक वाक्य घातलं. एका सॉकेटवरच्या आकड्यांत फरक जवळजवळ नव्हताच, "फायदा नाही, तोटाही नाही" असं सरळ लिहिलं. मग नाताळ, सगळे सुट्टीवर.

चौथी आवृत्ती ६ जानेवारीला, आणि ९ तारखेला एका शब्दाचं उत्तर, "अप्लाइड". ते वाचलं तेव्हा मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये होते, तीन वेळा वाचलं. २० जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या विंडोत तिन्ही पॅच आत गेले. ६.१४ येणार म्हणून रविवारी रात्री वाट बघत बसले तर आला सोमवारी, २४ मार्चला, पाडव्याच्या आधी.

ग्राहकाच्या मशीनवर अर्थात ६.१४ नाही, आणि पुढची दोन वर्षं तरी नसेल. हँगची दुरुस्ती स्टेबलमधून त्यांच्यापर्यंत पोचली, ती तिकिटं थांबलीत. बाकीचे दोन पॅच आम्हालाच बॅकपोर्ट करून (जुन्या कर्नलमध्ये बसवून) द्यायचेत. त्याचा फॉर्म मी गेल्या सोमवारी भरलाय. एन्क्रिप्शनच्या रकान्यात या वेळी आधीच "नाही" लिहून खाली दोनदा रेघ मारलीय.